दट्ट्या, जाळी आणि चार मिनिटं

शिवडीच्या जेट्टीवर हिवाळ्यात, ओहोटीच्या वेळी, चिखलात मान खाली घालून चरणारे रोहित पक्षी दिसतात. लांबून तो नुसता गुलाबी पट्टा वाटतो. दुर्बिणीतून नीट पाहिलं की त्या पट्ट्यात चाललेलं काम कळतं. पक्षी चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, त्याची जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, चिखलाचं पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते. चोचीच्या कडेला कंगव्यासारखी दाट जाळी असते, तिच्यात शेवाळ आणि बारीक जीव अडकतात. दट्ट्या आणि जाळी, एवढ्या दोन गोष्टींवर हजारो पक्ष्यांचं पोट चालतं. फ्रेंच प्रेस नावाचं कॉफीचं भांडंही याच दोन गोष्टींवर चालतं. पक्षी जाळीत अडकलेलं खातो, आपण जाळीतून सुटलेलं पितो, एवढाच फरक.

भांडं अगदी साधं आहे. काचेचा उभट पेला, त्याला धातूची चौकट, वर झाकण, झाकणातून आत जाणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला बारीक जाळीची चकती. पेल्यात भरड कॉफी घालायची, वर गरम पाणी ओतायचं, चार मिनिटं मुरू द्यायचं आणि दांडी खाली दाबून चोथा तळाशी अडवायचा. मुंबईतल्या नव्या कॅफेंच्या मेनूवर आता हे नाव सर्रास दिसतं. या लेखाचं म्हणणं असं, की कॅफेत कोरी कॉफी देण्याची ही सर्वांत स्वस्त, सोपी आणि भारतीय बियांना न्याय देणारी पद्धत आहे, आणि शिवडी-परळसारख्या भागात छोटं कॅफे काढू पाहणाऱ्यानं आधी हिचाच विचार करावा. मात्र दळण, वेळ आणि गाळ या तिन्हींची जबाबदारी कॅफेनं स्वतःकडे ठेवली पाहिजे. ती गिऱ्हाइकावर टाकली की उत्तम बीसुद्धा वाया जातं, आणि आज बहुतेक ठिकाणी नेमकं हेच होतं.

शिवडी हा मुळात चहाचा मुलूख. स्टेशनच्या पूर्वेला बंदराची गोदामं, मालाचे ट्रक, जेट्टी. पश्चिमेला चाळी आणि क्षयरोग रुग्णालय. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली, तीत अख्खं कुटुंब, आणि पाळीला निघालेल्या माणसासाठी नाक्यावरचा कटिंग. गिरणी कामगार, गोदीतले हमाल, ट्रकचालक या सगळ्यांना उभ्या उभ्या, दोन घोटांत अंगात ऊब आणणारं पेय हवं होतं, आणि चहानं ते दिलं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. १२ जानेवारी २०२४ला शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. पलीकडे महालक्ष्मीला लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात ब्लू टोकाई या कंपनीनं कॉफी भाजण्याची जागा आणि कॅफे थाटलं. जिथे लोकर विणली जायची त्या आवारात कॉफीचा वास दरवळू लागला. शिवडीच्या गाळ्यांत ही लाट कधी आणि कशी येते, एवढाच प्रश्न उरतो. ती कशी यावी, हे आत्ताच ठरवायला हवं.

मुंबईला कॉफी नवी नाही. १९३०च्या दशकात जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले, मळेवाल्यांचा माल पडून राहिला, तेव्हा कॉफी सेस कमिटीनं देशातल्या माणसाला कॉफीची सवय लावायचं ठरवलं. त्यासाठी पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं ते २८ सप्टेंबर १९३६ला, मुंबईत, चर्चगेटला. त्याच सुमारास माटुंग्यात दक्षिणेकडून आलेल्या कुटुंबांनी पितळी फिल्टर आणला आणि १९४०मध्ये सुरू झालेल्या कॅफे मद्राससारख्या खानावळींनी तो साऱ्या शहराला परिचयाचा केला. शिवडीचाही या गोष्टीत एक धागा आहे. लिव्हर ब्रदर्सचा साबणाचा कारखाना १९३४मध्ये शिवडीत सुरू झाला. पुढे हिंदुस्थान लिव्हर झालेल्या या कंपनीत १९९६मध्ये ब्रुक बाँड विलीन झाली आणि तिच्याबरोबर ब्रू हे कॉफीचं नावही आलं. मराठी घरातली कॉफी बहुतेक याच वाटेनं पोचली: चिकोरी मिसळलेली भुकटी, भरपूर दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. या कॉफीत गोडवा आहे, आदरातिथ्य आहे. पण ते बी कुठल्या डोंगरावर पिकलं, हे तिच्यातून कधीच कळत नाही.

फ्रेंच प्रेसचं महत्त्व इथे सुरू होतं. भारतात वर्षाला सुमारे साडेतीन लाख टन कॉफी पिकते. त्यातली सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात होते, आणि देशातल्या एकूण पिकाचा मोठा भाग परदेशी जातो. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून आणलेल्या सात बियांची कथा ज्या डोंगरांशी जोडलेली आहे, त्या बाबाबुदनगिरीच्या अरेबिकाला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कूर्ग, चिकमगळूर, वायनाड आणि अरकू खोऱ्यातल्या कॉफीलाही त्याच वर्षी मिळालं. मान्सून्ड मलबार या कॉफीला ते २००८मध्येच मिळालं होतं. आपल्या महाराष्ट्रातही अमरावतीच्या चिखलदऱ्यात कॉफीची झाडं आहेत. एवढी विविधता असून मुंबईकराच्या तोंडी फक्त ‘कॉफी’ हा एकच शब्द राहिला, कारण दूध, साखर आणि चिकोरी यांच्याखाली सगळ्या मळ्यांची चव सारखी होते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. म्हणजे पाकिटात निम्म्याला थोडी कमी चिकोरी असली तरी ते कायद्याला चालतं. मळ्याचं नाव पाकिटावर छापलं म्हणजे झालं असं नाही. ते जिभेला कळलं पाहिजे. त्यासाठी बी नुसत्या पाण्यात मुरवून गाळण्यावाचून दुसरी वाट नाही.

पाण्यात मुरवण्याच्या या पद्धतीला मोठा इतिहास आहे. १८५२मध्ये पॅरिसमध्ये मेयर आणि देलफोर्ज या दोघांनी अशा भांड्याचं पेटंट घेतलं. १९२९मध्ये इटलीतल्या कालिमानी आणि मोनेता यांनी सुधारित रूपाचं पेटंट घेतलं. १९५८मध्ये फालिएरो बोंदानिनी यांनी आणखी एक रूप काढलं, आणि ते फ्रान्समध्ये क्लॅरिनेट बनवणाऱ्या मार्टिन कंपनीच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. वाद्याच्या नळीत हवा इकडेतिकडे सुटू न देणारे कारागीरच काचेच्या पेल्याला घट्ट बसणारी चकती बनवत होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. या भांड्याचं सगळं यश ती चकती किती नेटकी बसते यावरच असतं. पुढे डेन्मार्कच्या बोडम कंपनीनं ते जगभर नेलं. एस्प्रेसोचं यंत्र नऊ वातावरणांच्या दाबानं २५ ते ३० सेकंदांत कॉफी काढतं. त्याला वीज, नळ, देखभाल आणि हात बसलेला माणूस लागतो. फ्रेंच प्रेसला लागते गरम पाण्याची किटली आणि घड्याळ.

आता ती नीट कशी करायची ते जवळून पाहू. लहान भांड्यात ३५० मिलिलिटर पाणी आणि २० ते २२ ग्रॅम कॉफी, म्हणजे साधारण एकास सोळा ते सतरा असं प्रमाण. दळण इडलीच्या रव्याइतकं भरड. माटुंग्याच्या दुकानात फिल्टरसाठी दळलेली भुकटी इथे चालत नाही, कारण तिचे कण जाळीतून निसटून कपात उतरतात. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे ते ९५ अंशांच्या आसपास येतं. पाणी पडताच ताज्या भाजलेल्या कॉफीतला वायू सुटतो आणि वर फुगलेला थर तयार होतो. हा थर आलाच नाही तर बी शिळं आहे असं समजावं. चार मिनिटांनी चमच्यानं तो थर मोडायचा, वरचा फेस काढून टाकायचा, आणखी एक-दोन मिनिटं गाळ तळाशी बसू द्यायचा. मग दट्ट्या हळूच खाली न्यायचा, पण तळापर्यंत दाबायचा नाही. चोथ्याच्या वरच थांबायचं, नाहीतर बसलेला गाळ पुन्हा ढवळून निघतो. शेवटी सगळी कॉफी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची. २० ग्रॅम चोथा साधारण ४० मिलिलिटर पाणी धरून ठेवतो, म्हणून हातात येतात ३०० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन कप.

शेवटची पायरी कॅफेत सर्वांत जास्त चुकते. वेटर भांडं टेबलावर ठेवतो, कधी दट्ट्या वर असलेलं, कधी आधीच दाबलेलं, आणि निघून जातो. पाणी कधी ओतलं हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. कोणी लगेच दाबतं, मग कॉफी पाणचट लागते. कोणी गप्पांत रमतं, मग दहा मिनिटांनी दाबतं. पहिला कप ठीक निघतो, पण उरलेली कॉफी चोथ्यावरच बसून राहते, आणि गरम पाणी चोथ्याला लागलेलं असेपर्यंत तुरट, कडू अंश त्यात उतरत राहतात. पंधरा मिनिटांनी ओतलेला दुसरा कप कडू जहर लागतो, तळाला चिखल दिसतो, आणि माणूस ठरवतो की फ्रेंच प्रेस आपल्या चवीची नाही. दोष भांड्याचा नसतो. कॅफेनं अर्धं काम न सांगता गिऱ्हाइकाच्या हातात दिलेलं असतं. हॉटेलात डोसा अर्धा भाजून टेबलावर आणत नाहीत. मग कॉफी का आणावी? कॅफेनं दोनपैकी एक करावं. एकतर आत नीट मुरवून, गाळून, गरम किटलीत ओतून आणावी. नाहीतर भांडं टेबलावर आणायचं असेल तर त्याबरोबर वाळूचं घड्याळ, रिकामी किटली आणि दोन वाक्यांची सूचना आणावी. कधी दाबायचं आणि दाबल्यावर लगेच कुठे ओतायचं, एवढंच सांगायचं असतं.

कुणी विचारेल, मुंबईच्या घाईत एवढा वेळ कुणाकडे आहे? हा प्रश्न खरा आहे, म्हणून हिशेब मांडू. भांड्याला सहा मिनिटं लागतात, पण त्यात कामगाराचे हात गुंततात ते जेमतेम दीड मिनिट: वजन करणं, ओतणं, थर मोडणं, गाळणं. उरलेला वेळ भांडं एकटं काम करतं. चार भांडी एकाच वेळी मुरत ठेवता येतात, आणि एस्प्रेसोच्या एका यंत्रासमोर चार माणसांची रांग लागते. पैशाचा हिशेब त्याहून सरळ आहे. चांगलं एस्प्रेसो यंत्र काही लाखांच्या घरात जातं, फ्रेंच प्रेस हजार-दोन हजारांत येते. बी दोन हजार रुपये किलो धरलं तर २० ग्रॅमची किंमत होते ४० रुपये, आणि तेवढ्यात दोघांची कॉफी होते. ज्याच्याकडे वडिलोपार्जित छोटा गाळा आहे, भांडवल नाही, पण नीटनेटकेपणा आहे, त्याला या धंद्यात शिरायचा हाच दरवाजा आहे. पाण्याचीही इथे सोय आहे. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून मुंबईच्या नळाला येणारं पावसाचं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं, आणि कॉफीला ते मानवतं. विहिरीचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी मात्र वापरू नये, त्यात चांगल्या बियांचीही चव मरते. पावसाळ्यातल्या दमट हवेत दळलेली कॉफी लवकर उतरते, म्हणून हातदळणी का होईना, पण दळण त्याच वेळी करावं.

दुसरी शंका आरोग्याची, आणि ती टाळण्यासारखी नाही. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं. कागदी गाळणी ते बरंचसं अडवते, धातूची जाळी अडवत नाही. १९९६मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. ४६ निरोगी माणसांनी २४ आठवडे रोज पाच-सहा कप कॉफी प्यायली, काहींनी फ्रेंच प्रेसची आणि काहींनी कागदातून गाळलेली. फ्रेंच प्रेस पिणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, ९ ते १४ टक्क्यांनी वाढलं. हे आकडे गंभीर आहेत. पण चाचणी रोज जवळजवळ एक लिटरची होती, हेही पाहिलं पाहिजे. आठवड्यातून दोनदा कॅफेत बसून कप-दोन कप पिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं आहे आणि ज्यांना रोज चार-पाच कप लागतात, त्यांनी कागदी गाळणीची कॉफी घ्यावी आणि कॅफेनं तीही ठेवावी. मेनूवर हे एका ओळीत लिहिलं तर गिऱ्हाईक कमी होणार नाही, कॅफेवरचा विश्वास वाढेल.

तिसरा आक्षेप मनातला आहे. हे परकं, श्रीमंतांचं पेय आहे. चाळीतल्या माणसाला चहा बरा, फार तर माटुंग्याची फिल्टर कॉफी. पण चहाही इथला नव्हता. चहा मंडळांनी गावोगावी फुकट कप वाटून, कारखान्यांत चहाची सुट्टी रुजवून तो लोकांच्या अंगवळणी पाडला. फिल्टरही माटुंग्याला दक्षिणेतून आला. आणि रीत पाहिली तर फ्रेंच प्रेस आपल्या सर्वांत जवळची आहे. चहा आपण पाण्यात मुरवतो आणि गाळणीतून ओततो. घरची कॉफी पातेल्यात उकळतो, गाळ बसू देतो आणि मग ओततो. पितळी फिल्टरमध्येही दांडीची चकती भुकटीवर दाबून ठेवतात. दट्ट्या आणि जाळी मराठी स्वयंपाकघराला नवी नाहीत. नवं एवढंच, की इथे भुकटीत चिकोरी नाही आणि बी कुठलं हे लिहिलेलं आहे. ही कॉफी महागड्या मनोऱ्यांपुरती राहिली तर दोष तिला तशी मांडणाऱ्यांचा.

राहिला दुधाचा प्रश्न. आपल्या लोकांना कोरी कॉफी आवडत नाही, असं ठामपणे म्हटलं जातं. ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण त्यामागे एक कारण आहे: आपल्याला मिळालेली कोरी कॉफी बहुतेक वेळा जास्त भाजलेल्या, शिळ्या किंवा चिकोरी मिसळलेल्या भुकटीची होती, आणि तिला दूध-साखरेशिवाय पर्याय नव्हता. ज्यांना आंबूस कॉफी नको, त्यांच्यासाठी मान्सून्ड मलबार आहे. मंगळुरूच्या उघड्या गोदामांत जून ते सप्टेंबर पावसाळी वाऱ्यावर बी पसरून ठेवतात. ते फुगतं, फिकट होतं आणि त्यातली आंबटाई जाते. शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचेपर्यंत महिनोन्महिने दमट हवेत राहिलेल्या कॉफीची जी चव तिकडच्या लोकांना आवडली, तीच टिकवण्यासाठी ही पद्धत निघाली. बंदराच्या गोदामांशेजारी राहणाऱ्या शिवडीकराला ही गोष्ट समजावून सांगायला वेळ लागणार नाही. ही कॉफी फ्रेंच प्रेसमध्ये जड, मऊ आणि गोडसर उतरते. ज्याला तरीही दूध हवं, त्याला वेगळ्या वाटीत गरम दूध द्यावं, हवं तर जायफळही. आधी एक घोट कोरा घ्यायला सांगावं, एवढाच आग्रह पुरे.

१९३६मध्ये चर्चगेटला कॉफी हाऊस उघडलं तेव्हा भारतीय माणसानं भारतीय कॉफी प्यावी, हा त्यामागचा उद्देश होता. नव्वद वर्षांनंतरही ते काम अर्धवट आहे, आणि आता ते सरकारी मंडळाला करायची गरज नाही. गल्लीतलं छोटं कॅफे ते करू शकतं. त्यासाठी कॅफे काढणाऱ्यांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात: दळण भरड आणि ताजं असावं, चार मिनिटं घड्याळावर मोजावीत, आणि कॉफी चोथ्यावर सोडू नये. वाचकांनीही आपली बाजू सांभाळावी. फ्रेंच प्रेस मागवताना बी कुठल्या मळ्यातलं आहे, कधी भाजलं आणि पाणी कधी ओतलं, हे तीन प्रश्न नि:संकोच विचारावेत. जे कॅफे त्यांची उत्तरं देईल, त्याच्याकडे पुन्हा जावं.